कडक उन्हाळ्यात कुत्र्याला घरात कसे रमवावे?

मृद्गंध:

ऊन तापू लागले की कुत्रे असलेल्या घराघरांतून एकच तक्रार ऐकू येते. सकाळचा फेरफटका आवरता घ्यावा लागतो, संध्याकाळी रस्ता निवेपर्यंत अंधार पडतो, आणि मधल्या लांबलचक वेळात कुत्रा एक तर चपला कुरतडतो, नाहीतर दाराशी भुंकत बसतो किंवा माणसांच्या पायापायांत घोटाळत राहतो. यावर बहुतेक जण बाहेरचा व्यायाम तसाच्या तसा घरात आणतात. बैठकीच्या खोलीत चेंडू फेकला जातो, सोफ्याभोवती पळापळ होते. माझे मत याच्या उलट आहे. उन्हाळ्यात त्याचे पाय दमवण्याच्या मागे लागू नये. नाक, तोंड आणि डोके यांना काम द्यावे. हे मी इतक्या आग्रहाने का म्हणते, ते आधी सांगते.

कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. त्याच्या घामाच्या ग्रंथी मुख्यतः पंजांच्या तळव्यांत असतात आणि शरीर थंड ठेवण्याच्या कामी त्यांचा फारसा उपयोग होत नाही. त्याची सारी भिस्त धापा टाकण्यावर असते. जीभ, तोंड आणि नाकातील ओलावा वाफ होऊन उडतो आणि तो जाताना उष्णता घेऊन जातो. हवा दमट असली की ही वाफ नीट होत नाही, म्हणूनच पारा फार चढलेला नसताना केवळ उकाड्यानेही कुत्रा बेजार होतो. निरोगी कुत्र्याचे तापमान साधारण ३८.३ ते ३९.२ अंश सेल्सिअस असते. ते ४१ अंशांपलीकडे गेले की जिवाला धोका सुरू होतो. म्हणजे हाताशी असलेली सवलत दोन अंशांची. ब्रिटनमधील पशुवैद्यकीय दवाखान्यांच्या नोंदींवरून २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असे दिसले, की ज्या उष्माघातांचे कारण नोंदवलेले होते त्यांपैकी सुमारे ७४ टक्के श्रमामुळे झालेले होते, तर बंद वाहनात अडकल्यामुळे झालेले सुमारे पाच टक्के. बंद गाडीचा धोका आपल्या सर्वांच्या मनावर ठसलेला आहे आणि तो ठसलेलाच राहावा; पण चेंडूमागे धावणारा कुत्रा आपल्याला आनंदी दिसतो, त्यामुळे तिथला धोका आपल्या लक्षातच येत नाही. कोंदट खोलीत तीच धावपळ झाली तर शरीराचा हिशेब बदलत नाही.

आता नाकाकडे वळू. माणसाच्या नाकात गंध ओळखणाऱ्या पेशी पन्नास-साठ लाखांच्या घरात असतात, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. कुत्र्यात जातीनुसार ही संख्या कोट्यवधींत जाते. एवढे मोठे यंत्र दिवसभर बंद पडून राहिले, तर कुत्र्याला कंटाळा येणारच. शार्लोत द्युरांतॉन आणि अलेक्झांड्रा हॉरोविट्झ या संशोधिकांनी २०१९ साली पाळीव कुत्र्यांच्या दोन गटांची तुलना केली. एका गटाने दोन आठवडे वास घेऊन खाऊ शोधण्याचा सराव केला, तर दुसऱ्याने मालकाच्या पायाशी चालण्याचा. त्यानंतर, आत खाऊ आहे की नाही हे निश्चित नसलेल्या वाटीकडे पहिल्या गटातील कुत्री पूर्वीपेक्षा लवकर जाऊ लागली. म्हणजे त्यांची अपेक्षा अधिक आशावादी झाली. दुसऱ्या गटात हा बदल दिसला नाही.

शोधाचा खेळ शिकवायला काहीच विकत आणावे लागत नाही. पहिल्या वेळी कुत्र्याला थांबवून त्याच्या देखत खाऊचा तुकडा खुर्चीच्या पायाशी ठेवावा आणि ‘शोध’ म्हणावे. हे जमले की तो पाहत नसताना त्याच खोलीत तीन-चार तुकडे ठेवावेत, प्रथम जमिनीवर, मग खालच्या फळीवर, मग उशीच्या आड. तुकडा नेमका कुठे आहे ते बोटाने दाखवण्याचा मोह टाळावा, कारण दाखवले की तो नाक सोडून आपल्या हाताकडे पाहू लागतो. खोलीत पंखा सुरू असेल तर आणखी एक गंमत दिसते. वास सरळ येत नाही, वाऱ्याबरोबर वाहतो. म्हणून कुत्रा तुकड्याजवळून निघून जातो, पलीकडच्या भिंतीपाशी अचानक मान वळवतो, शेपटीची हालचाल जलद होते आणि मग डावी-उजवीकडे नागमोडी चालत तो वासाच्या उगमापर्यंत येतो. त्या क्षणी त्याच्या नाकपुड्यांच्या कडा कशा उघडझाप करतात, ते जवळ बसून जरूर पाहावे.

यात एक सोय आपोआप आहे. धापा टाकणे आणि बारकाईने हुंगणे ही दोन्ही कामे कुत्र्याला एकाच वेळी नीट करता येत नाहीत. त्यामुळे शोधता शोधता त्याचे तोंड उघडून जीभ बाहेर आली, की तो तापू लागला आहे हे समजून खेळ तिथेच थांबवावा, पाणी द्यावे आणि त्याला थंड फरशीवर पडू द्यावे.

वाटीत जेवण देण्याचा हट्टही उन्हाळ्यापुरता सोडावा. रोजच्या कोरड्या आहारातले दाणे टॉवेलवर पसरून टॉवेलची गुंडाळी करता येते. पुठ्ठ्याच्या खोक्यात चुरगळलेले कागद भरून त्यांत दाणे टाकता येतात, मात्र खोक्याच्या पिना आणि चिकटपट्ट्या आधी काढून टाकाव्यात. रबराच्या पोकळ खेळण्यात भिजवलेले दाणे ठासून ते गोठवून ठेवले, तर बराच वेळ शांतपणे चाटण्यात जातो, आणि तोंडालाही गारवा मिळतो. खेळांतून दिलेले सारे अन्न दिवसाच्या मापातूनच वजा करावे. वेगळा खाऊ एकूण आहाराच्या दहा टक्क्यांवर जाऊ नये. उन्हाळ्यात हालचाल कमी झालेली असते, आणि वाढलेली चरबी हेदेखील उष्माघाताला आमंत्रणच असते.

आपापले अनुभव आणि शंका अवश्य लिहाव्यात.

वाटसरू:

लेख आवडला, तरी एक मूलभूत शंका आहे. आमच्याकडे मेंढ्या राखणाऱ्या जातीचा तरुण कुत्रा आहे. टॉवेलची गुंडाळी तो बघता बघता उलगडतो आणि पुढे काय, अशा नजरेने पाहत उभा राहतो. नाकाच्या कामाचे महत्त्व मला मान्य आहे, पण ज्या जातीची शतकानुशतके निवडच धावण्यासाठी झाली, तिच्या पायांची भूक नाकाने भागेल, असे मला वाटत नाही. अशा कुत्र्यांना संपूर्ण उन्हाळाभर हालचालीवाचून ठेवणे हादेखील अन्यायच नाही का?

मृद्गंध:

वाटसरू, तुमचा मुद्दा रास्त आहे. हालचाल बंद करावी, असे माझे म्हणणे नाही; पहाटे, रस्ता गार असताना, हाताची मागची बाजू डांबरावर सात सेकंद सहज टेकवता येत असेल तेव्हा, त्याला जरूर न्यावे. पण उरलेल्या वेळेसाठी तुमच्या कुत्र्याच्या जातीकडे पायांहूनही मोठी गोष्ट आहे, ती म्हणजे माणसाचे बोलणे लक्षपूर्वक ऐकण्याची ओढ. चेसर नावाच्या बॉर्डर कॉली कुत्रीला जॉन पिली या मानसशास्त्रज्ञांनी १,०२२ खेळण्यांची नावे शिकवली होती. त्याआधी २००४ साली रिको या त्याच जातीच्या कुत्र्याची दोनशेहून अधिक नावे ओळखण्याची क्षमता ‘सायन्स’ या नियतकालिकात नोंदवली गेली. सगळी कुत्री तिथवर पोहोचत नाहीत, पण पाच-सात खेळण्यांची नावे शिकण्यात तुमच्या कुत्र्याच्या कैक दुपारी सत्कारणी लागतील. एका वेळी एकच खेळणे घ्यावे, नाव घेत खेळावे, मग ते शेजारच्या खोलीत ठेवून आणायला सांगावे, आणि ते पक्के झाल्यावरच दुसरे नाव काढावे.

दुसरे म्हणजे संथ हालचाल. जमिनीपासून वीतभर उंचीवर आडवी ठेवलेली काठी सावकाश ओलांडणे, चार पावले मागे सरकणे, पुढचे दोन पाय बसक्या पाटावर ठेवून मागचे पाय गोल फिरवणे, हे सारे करताना शरीराचा तोल आणि मेंदू दोन्ही कामाला लागतात. घाई मात्र करू द्यायची नाही. पाऊल जितके सावकाश पडेल तितके ते अवघड असते.

सावली:

आमच्याकडे पग आहे. चपट्या तोंडाच्या कुत्र्यांविषयी वेगळे लिहायला हवे, असे वाटते. पग, बुलडॉग, फ्रेंच बुलडॉग, शिह त्झू यांच्या नाकपुड्या अरुंद असतात आणि घशातील मऊ टाळू लांबलेली असते, त्यामुळे धापा टाकून अंग थंड करणे त्यांना नीट जमत नाही. उलट जोरजोराने धापा टाकण्याच्या श्रमानेच त्यांचे अंग अधिक तापते. म्हणून नुसती उत्तेजनाही त्यांना पुरेशी घातक ठरू शकते. पाहुणे आले, दारावरची घंटा वाजली, दुसऱ्या कुत्र्याशी झोंबाझोंबी झाली, की श्वासाचा आवाज बदलतो. आम्ही दुपारी पडदे लावून खोली गार ठेवतो आणि तेव्हा चाटण्याचा खेळच तेवढा देतो. रबराच्या खाचेदार चटईवर पातळ लगदा पसरून दिला, की तो सपाट जिभेने शांतपणे चाटत बसतो. खोल तोंडाचे खेळणे त्याच्या जबड्याला सोयीचे नाही, हेही लक्षात घ्यावे.

चांदणी:

लेझरचा ठिपका भिंतीवर फिरवला की आमची कुत्री जागच्या जागीच खेळते आणि खोलीही गार असते. हा उपाय कोणी सुचवलेला दिसत नाही.

निशिगंध:

चांदणी, कृपया हा खेळ थांबवावा अशी कळकळीची विनंती आहे. त्या ठिपक्याला कधीच पकडता येत नाही. पाठलागाचा शेवट काहीतरी तोंडात धरण्यात व्हावा लागतो. तो झाला नाही, तर काही कुत्री खेळ संपल्यावरही भिंती न्याहाळत बसतात, सावल्यांवर झेप घेतात, घड्याळाच्या काचेवरून पडलेल्या कवडशामागे वेड्यासारखी धावतात. ही सवय एकदा जडली की सुटता सुटत नाही. शिवाय किरण डोळ्यात जाण्याचा धोका आहेच.

पाठलागाची हौस भागवायचीच असेल, तर दोरीला बांधलेले चिंधीचे खेळणे जमिनीवरून हळूहळू ओढावे आणि ते तिला वरचेवर पकडू द्यावे. हा खेळ खडबडीत सतरंजीवर खेळावा. गुळगुळीत फरशीवर एकदम वळताना मागचे पाय घसरतात आणि गुडघ्याचा अस्थिबंध फाटू शकतो.

चांदणी:

धन्यवाद. ती खेळ संपल्यावर भिंतीकडे पाहत बसते, हे खरेच आहे. त्याला मी हुशारी समजत होते. आजपासून ठिपका बंद. चिंधी ओढताना रस्सीखेच होते, ती चालेल का? रस्सीखेचीत कुत्र्याला जिंकू दिले तर तो डोक्यावर बसतो, असे ऐकले आहे.

निशिगंध:

त्या समजाला आधार नाही. निकोला रूनी आणि जॉन ब्रॅडशॉ यांनी २००२ साली गोल्डन रिट्रीव्हर कुत्र्यांवर नेमका हाच प्रयोग केला होता. रस्सीखेचीत त्यांना वारंवार जिंकू दिले किंवा हरवले, तरी माणसाशी असलेल्या त्यांच्या नात्यात वर्चस्वाच्या दृष्टीने फरक पडला नाही. तेव्हा निःशंकपणे जिंकू द्यावे. ‘सोड’ म्हटल्यावर सोडणे मात्र आधी शिकवावे, आणि उन्हाळ्यात खेळ अगदी थोडा वेळच खेळावा, कारण रस्सीखेचीत शरीर भराभर तापते.

गारवा:

मी पशुवैद्यकीय दवाखान्यात साहाय्यक म्हणून काम करते. उन्हाळ्यात सर्वाधिक विचारल्या जाणाऱ्या दोन-तीन गोष्टींविषयी लिहिते.

बर्फाचे पाणी प्यायल्याने कुत्र्याचे पोट पिळवटते, ही भीती निराधार आहे. गार पाणी जरूर द्यावे. अधाशीपणाने गटागटा पिणे तेवढे टाळावे, विशेषतः खोल छातीच्या मोठ्या कुत्र्यांत. बर्फाचे कठीण खडे मात्र चावायला देऊ नयेत. जोरात चावणाऱ्या कुत्र्यांचे दाढेचे टवके उडालेले आम्ही पाहतो. त्यापेक्षा उथळ ताटलीत पाणी गोठवून त्यात गाजराचे किंवा काकडीचे तुकडे अडकवावेत आणि वरून चाटता येईल असा सपाट थर द्यावा.

खेळण्यात भरायच्या पदार्थाचे लेबल वाचल्याशिवाय ते घरात आणू नये. शेंगदाण्याच्या लोण्यात साखरेऐवजी कधी कधी झायलिटॉल घातलेले असते. त्याने कुत्र्याच्या रक्तातील साखर अल्पावधीत धोकादायक पातळीपर्यंत उतरते आणि यकृतालाही इजा होऊ शकते. द्राक्षे, मनुका, चॉकलेट, कांदा आणि लसूण हेही वर्ज्यच.

दाट दुहेरी केसांच्या जातींचे केस मुळापासून भादरू नयेत. खालची मऊ लोकर विंचरून काढावी. हे विंचरणे हाच दुपारचा एक छान कार्यक्रम होऊ शकतो. कुत्र्याला कुशीवर निजवून सावकाश विंचरत गेले, तर तो बहुधा अर्ध्यातच झोपी जातो.

आणि कुत्रा खरोखर तापला तर काय करावे, तेही इथे असावे. धापा थांबत नसतील, जीभ टोकाशी रुंद होऊन लोंबत असेल, लाळ घट्ट आणि चिकट झाली असेल, हिरड्या लालभडक दिसत असतील, चाल अडखळत असेल किंवा उलट्या होत असतील, तर दवाखान्याकडे धावण्यापूर्वी जागच्या जागी थंड करायला सुरुवात करावी. तरुण, निरोगी कुत्र्याला गार पाण्यात बसवावे, तोंड पाण्याबाहेर ठेवून. म्हाताऱ्या किंवा आजारी कुत्र्याच्या अंगावर पाणी ओतत राहून पंखा लावावा. ओला टॉवेल अंगावर पांघरून ठेवू नये, तो लवकरच तापतो आणि उष्णता आतच कोंडतो. दवाखान्यात फोन करून मग निघावे, आणि वाटेतही हवा खेळती ठेवावी. नुसत्या पंख्याविषयीही एक सांगते. कोरड्या केसांवर पंख्याचा उपयोग आपल्याला वाटतो त्याहून कितीतरी कमी असतो, कारण उडून जाण्याजोगा घामच तिथे नसतो. पोट, काखा आणि पंजे ओले केले की मात्र तोच पंखा कामाला येतो.

वाटसरू:

गारवा, हा प्रतिसाद मी उतरवून फ्रीजवर लावला आहे. मृद्गंध, खेळण्यांची नावे शिकवायला सुरुवात केली. दोन नावांत तो अजून गोंधळतो, पण चुकीचे खेळणे आणल्यावर ते खाली ठेवून पुन्हा आत जातो. दुपारी तो दाराशी उभा राहणे कमी झाले आहे. पायांची भूक पूर्णपणे भागते, असे मी अजूनही म्हणणार नाही. पहाटेच्या धावण्याला पर्याय नाही. मधला वेळ मात्र दोघांनाही सुसह्य झाला आहे.

पायवाट:

आमच्याकडे दोन कुत्री आहेत. एरवी त्यांचे गूळपीठ असते, पण खाऊ शोधायला लावला की धाकटा थोरलीवर गुरगुरतो. काय करावे?

मृद्गंध:

पायवाट, दोघांना एकत्र शोधायला लावूच नये. एक शोधत असताना दुसऱ्याला बंद दारामागे चाटायचे खेळणे द्यावे आणि मग पाळी बदलावी. गोठवलेली खेळणीसुद्धा वेगवेगळ्या खोल्यांत द्यावीत आणि रिकामी झाल्यावर आधी उचलून मगच दार उघडावे. गुरगुरण्याबद्दल धाकट्याला रागावू नये. तो इशारा देतो आहे, तो देणे त्याने बंद केले तर पुढच्या वेळी थेट चावाच येईल. एकत्र करण्याजोगा कार्यक्रम म्हणजे आपापल्या चटईवर स्वस्थ पडून राहणे. कुत्रा आपणहून चटईवर आडवा झाला, एका कुल्ल्यावर कलला, हनुवटी टेकली, की न बोलता पंजांच्या मधोमध एक दाणा ठेवावा. थोड्याच काळात चटई पसरली की ती दोघे आपसूक येऊन पडू लागतात. प्रौढ कुत्रा दिवसाचे बारा-चौदा तास झोपतो किंवा पेंगतो, तेव्हा दर तासाला काहीतरी खेळ काढलाच पाहिजे, या दडपणातून आपणही मोकळे व्हावे.

सावली:

घरात दिवसभर कोणीच नसते त्यांनी काय करावे, हेही कोणी लिहावे. चटईवर दाणे ठेवायला आम्ही असतो कुठे?

निशिगंध:

कुत्रा एकटा असताना खोके, टॉवेल, दोऱ्या, चिंध्या यांतले काहीही मागे ठेवू नये. गिळले गेले तर आतड्यात अडकते. आपल्या समोर अनेकदा वापरून झालेले आणि तुकडे न पडणारे रबरी खेळणे तेवढे ठेवावे. पाण्याची भांडी दोन आणि जड बुडाची असावीत, म्हणजे एक सांडले तरी दुसरे उरते. ऊन येणाऱ्या खिडक्यांचे पडदे ओढावेत, आणि न्हाणीघराची फरशी गार राहत असेल तर तिथले दार उघडे राहील अशी अडसर लावावी. खरा खेळ निघण्यापूर्वी खेळावा. सकाळच्या जेवणातले निम्मे दाणे शोधून खाल्लेला कुत्रा पुढचे काही तास सहसा झोपूनच काढतो. तोंडावर घट्ट बसणारी जाळी घालून मात्र कुत्र्याला कधीही एकटे सोडू नये, धापच टाकता येणार नाही.

चांदणी:

एक शेवटची अडचण. उन्हाळ्यात तिची भूकच मंदावते. दाणे लपवले तर वास घेते आणि सोडून देते. अशा कुत्रीसाठी शोधाचा खेळ बादच समजावा का?

मृद्गंध:

मुळीच नाही, फक्त अन्नाऐवजी दुसरे काही लपवावे. तिचे आवडते खेळणे, घरातल्या माणसाचा वापरलेला मोजा, नाहीतर घरातला माणूसच. एकाने तिला थोपवून धरावे, दुसऱ्याने दाराआड किंवा पडद्यामागे उभे राहावे, आणि सापडल्यावर मनापासून कौतुक करावे. बहुतेक कुत्र्यांना दाण्यांपेक्षा हे अधिक आवडते. दाणे कोमट पाण्यात भिजवले तर त्यांचा वास उठतो, तेही करून पाहावे, पण भिजवलेले अन्न उन्हाळ्यात लवकर आंबते, म्हणून उरलेले लगेच उचलावे. खाण्याची वेळ पहाटे आणि रात्री ठेवली तर भूकही बरी लागते. मात्र ती एक दिवस सलग काहीच खात नसेल, किंवा पाणीही टाळत असेल, तर उन्हाळ्यावर बोट ठेवून थांबू नका. तिला पशुवैद्यांकडे न्या.

चांदणी:

पाणी पिते आहे. आज संध्याकाळी मोज्यापासून सुरुवात करते.